लॉरेन्स सरांची बाजू

सिस्टर बोलायला उठल्या की आमच्या कमिटीतली निम्मी माणसं चहा प्यायला खाली उतरायची. त्या काय बोलणार हे सगळ्यांना पाठ झालं होतं. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला त्या आधी पायाने चाचपडत शोधायच्या, त्या सापडेपर्यंत टेबलाला धरून उभ्या राहायच्या आणि मग नेहमीच्या दमलेल्या आवाजात म्हणायच्या, "मला एवढंच सांगायचंय, त्यांना वेळ द्या."

'त्यांना' म्हणजे लॉरेन्स सरांना. आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. आमच्याकडे कोच वेगळा आणि मॅनेजर वेगळा अशी चैन नाही. टीम निवडायची, प्रॅक्टिस घ्यायची आणि हरल्यावर शिव्या खायच्या, हे सगळं एकाच माणसाचं काम.

सिस्टरांचं नाव सुलभा तांबे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात, त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी चाळीत, बाजारात, मैदानावर त्या सिस्टरच राहिल्या. त्यांच्या मुलाचे मित्रसुद्धा त्यांना काकू म्हणत नसत. जन्मभर उभं राहून ड्युटी केलेल्या बायकांचे असतात तसे त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे, म्हणून जिथे बसतील तिथे आधी चपला निघायच्या.

आमचा क्लब लालबागचा. गिरणीत काम करणाऱ्या माणसांनी शिफ्ट सुटल्यावर खेळायला म्हणून काढलेला. आता गिरणीच्या जागी काचेचे टॉवर आहेत आणि आमची मुलं कोणी बँकेत, कोणी कुरियरमध्ये, कोणी कॉलेजात. क्लबचं ऑफिस म्हणजे चाळीच्या पहिल्या मजल्यावरची एक खोली. तिथे जुने ग्रुप फोटो, फुले-आंबेडकरांच्या तसबिरी, गणपतीची एक मूर्ती आणि मोडक्या खुर्च्या असं सगळं एकत्र नांदतं. सिस्टरांचे यजमान तांबे काका ह्या क्लबचे गोली, म्हणजे गोलकीपर, होते, नंतर अध्यक्ष झाले. ते गेल्यावर अध्यक्ष कोणाला करायचं ह्यावरून दोन गट पडले, तेव्हा भांडण टाळायला म्हणून सिस्टरांना त्या खुर्चीत बसवलं. अपेक्षा एवढीच होती की त्यांनी सीझनच्या सुरुवातीला नारळ फोडावा आणि शेवटी बक्षिसं द्यावीत.

पहिल्या सभेत त्यांचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. आता सिस्टर घरी जातील म्हणून सगळे थांबले. त्या बसूनच राहिल्या.

"पुढचा विषय काय?" त्यांनी विचारलं.

उपाध्यक्ष नाना शेट्ये म्हणाले, "सिस्टर, आता नुसतां टीमचा बोलना. तुमका कंटाळो येतलो."

"मला कंटाळ्याची सवय आहे," सिस्टर म्हणाल्या. "चालू द्या."

तेव्हापासून त्यांनी एकही सभा आणि एकही मॅच चुकवली नाही. मैदानावर त्या आमच्या गोलच्या मागे बसायच्या. घडीची खुर्ची, काळी छत्री, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या आणि क्रेप बँडेज. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांनी हाफटाइममध्ये सरळ लाइन्समनला जाऊन विचारलं होतं, आणि त्यानेही बिचाऱ्याने बाटल्या मांडून समजावलं होतं. एखाद्याचा घोटा मुरगळला की त्या दाबून बघायच्या आणि बाहेर बसवायच्या. आमच्या एका स्ट्रायकरने एकदा हुज्जत घातली, "तुम्ही काय डॉक्टर आहात का सिस्टर?"

"नाही. डॉक्टर राउंड मारून जातो. आम्ही तिथेच असतो. बस खाली."

लॉरेन्स सर आले तेव्हा आमची टीम दोन वर्षं जेमतेम फर्स्ट डिव्हिजनमध्ये तग धरून होती. सर माझगावचे. उंच, किडकिडीत, तोंडात सतत लवंग, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं ह्याला आपला राग आलाय. कमिटीपुढे ते उभे राहिले आणि म्हणाले, "टीम म्हातारी झालीय. एक वर्ष पॅचवर्क पाहिजे तर करून देतो. टीम पाहिजे तर चार वर्षं द्या."

"आणि तवसर?" नानांनी विचारलं.

"तोपर्यंत हरणार."

सगळे हसले. माणूस गमतीशीर आहे असं वाटलं. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. सर बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "हा माणूस आपल्याला आवडावं म्हणून बोलत नाहीये. ह्यांना घ्या."

महिन्याभरात सरांनी पाच जुन्या खेळाडूंना काढायची लिस्ट दिली. पहिलं नाव होतं कॅप्टन नीलेश तांबेचं. सिस्टरांचा एकुलता एक मुलगा.

नीलेश माझ्याबरोबर खेळलेला. मी डावीकडे मागे, तो मागेच मध्यभागी. मी केव्हाच सोडलं आणि कमिटीत खुर्च्या लावायला लागलो, तो खेळतच राहिला. तिशी उलटली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून उतरायचा, पण टीमला ओरडून ओरडून जागं ठेवायचा. त्याला काढायचं म्हटल्यावर सभेत सगळे सिस्टरांकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगा, आम्ही लॉरेन्सला समजावतो."

सिस्टरांनी लिस्ट पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "लिस्ट सरांनी करायची असं आपण ठरवलंय ना? मग मला काय विचारताय?" मताला टाकलं तेव्हा त्यांनी हात वर केला. लिस्टच्या बाजूने.

माझी खोली त्यांच्या शेजारची. त्या संध्याकाळी गॅलरीत उभा होतो आणि त्यांचं दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं.

"आई, तू हात वर केलास?"

"केला."

"दुसरं कोणी असतं तर समजलं असतं."

"नीलेश, तुझे गुडघे मी रोज रात्री शेकते. मला माहितीय त्यात काय राहिलंय."

"ते तू घरात सांगायचंस. सगळ्यांसमोर हात वर करायची काय गरज होती?"

पुढे पाच-सहा महिन्यांत नीलेश बायको-मुलीला घेऊन बदलापूरला राहायला गेला. जागा मोठी हवी होती, मुलीची शाळा होती, कारणं खरीच होती. तो दर आठवड्याला फोन करायचा, सणाला यायचा, आईसाठी फळं आणायचा. पण क्लबचं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही आणि मैदानाकडे तो फिरकला नाही. सिस्टरांना कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जागेसाठी गेला." लगेच, विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

पहिलं वर्ष सरांनी सांगितलं होतं तसंच गेलं. आम्ही हरलो. साधंसुधं नाही, लाज वाटेल असं हरलो. सरांनी कॉलेजची पोरं उतरवली होती आणि त्यांना एकच धोशा लावला होता, की बॉल उंच मारून द्यायचा नाही, मागून पासिंग करत वर न्यायचा. गोलीनेसुद्धा. आमचा नवा गोली पायातला बॉल समोरच्या संघाच्या स्ट्रायकरला देऊन टाकायचा आणि मग दोघं एकमेकांकडे बघत राहायचे. बाजूला उभी असलेली आमचीच माणसं ओरडायची, "मार ना रे बाहेर."

सीझन संपला तेव्हा आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये होतो. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा.

त्यानंतरची सभा मी विसरणार नाही. नाना शेट्ये बोलायला उठले. त्यांचे वडील ह्याच क्लबच्या पहिल्या टीममध्ये होते. भिंतीवरच्या फोटोकडे हात करून ते म्हणाले, "हेंका मी काय सांगू? एका माणसाच्या प्रयोगापायी आम्ही खाली गेलो?" लोकांचे डोळे भरले. लॉरेन्स सर मागे भिंतीला टेकून उभे होते, लवंग चघळत, चेहरा दगडासारखा.

सिस्टरांनी चपला शोधल्या. उठल्या.

"नाना, तुम्हाला वाईट वाटतंय ते खरं आहे. मलाही वाटतंय. आमचे हे गोलमध्ये उभे राहायचे ते बॉल लांब मारायचे. आता आपला गोली पायाने खेळायला लागला की मी डोळे मिटून घेते. पण मी डोळे मिटते म्हणून सर चुकतात असं होत नाही. वॉर्डात प्लास्टर घातलेला पेशंट तिसऱ्या आठवड्यात हाका मारायला लागतो, सिस्टर, हे काढा, आतून खाज सुटलीय. खाज सुटणारच. म्हणून आम्ही काढत नव्हतो. अर्धवट जुळलेलं हाड वाकडं जुळतं, आणि मग ते पुन्हा मोडून बसवावं लागतं. ते मी पाहिलंय. त्या माणसांचं ओरडणं ऐकवत नाही."

"पण सिस्टर, निदान त्याने आमच्याशी बोलायला तर हवं," कोणीतरी म्हणालं.

"हो, ते चुकतंय त्यांचं," सिस्टर म्हणाल्या आणि मागे वळून बघितलं. "सर, तुम्ही लोकांशी बोलत जा. तुम्ही माजलेले आहात असं वाटतं सगळ्यांना."

सर पहिल्यांदाच हसले. त्या दिवशी सरांची खुर्ची वाचली, पण दोन-चार मतांनीच.

हेच सिस्टरांचं वेगळेपण होतं. त्या सरांची बाजू घ्यायच्या, पण सरांना देव करत नसत. सर चुकले की आमच्यापेक्षा आधी त्या सांगायच्या. पेनल्टी भलत्याला दिली, पावसात बारीक पोरांना उतरवलं, अमक्याला उगाच सगळ्यांसमोर झापलं. सगळं मोजून सांगायच्या आणि शेवटी पुन्हा तेच, वेळ द्या. ऐकणाऱ्याला ह्याचाच जास्त वैताग यायचा. आंधळी भक्ती असती तर तिला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही मधोमध कुठेतरी राहिलो. ना वर, ना खाली. अशा वर्षी तर कोणाला रागही येत नाही, नुसतं मैदानावर येणं बंद होतं. गोलच्या मागे सिस्टर, लाइनवर सर आणि इकडेतिकडे आम्ही पाच-सात माणसं. त्याच सुमाराला एक मॅच हरल्यावर सर किट न उचलता निघून गेले. सिस्टर मला म्हणाल्या, "प्रमोद, चल जरा माझ्याबरोबर." माझगावला टॅक्सीने गेलो. सर घराखालच्या बाकावर बसले होते.

"सिस्टर, मी थकलो," ते म्हणाले. "ते लोक बरोबर आहेत असं वाटायला लागलंय. घरी पण कोणी विचारत नाही आता, जिंकले की हरले. बस, हो गया."

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. चपला काढल्या.

"मीपण थकलेय," सिस्टर म्हणाल्या. "प्रत्येक मीटिंगला तेच तेच बोलून माझाच मला कंटाळा येतो. घरी गेले की वाटतं, नीलेशला फोन करावा आणि सांगावं, तुझं खरं होतं. पण त्याचं खरं नव्हतं, त्याला मी काय करू? सर, तुम्ही सोडलंत तर मी माझ्या पोराला कशासाठी बसवलं ते मला सांगून जा."

पुढच्या प्रॅक्टिसला सर सकाळी मैदानावर होते. त्या दिवशी परतताना टॅक्सीत सिस्टर मला म्हणाल्या, "शेवटचं ते बोलायला नको होतं. दमलेल्या माणसावर आणखी ओझं टाकलं मी." आणि लालबाग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिसऱ्या वर्षी टीम दिसायला लागली. हे शब्दांत सांगणं कठीण आहे. पोरं तीच होती, पण आता बॉल पायात आला की घाबरत नव्हती. गोलीपासून निघालेला बॉल सहा-सात पायांतून फिरत समोरच्या गोलपर्यंत जायचा आणि बघणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. लोक पुन्हा यायला लागले. प्रमोशनसाठी शेवटची मॅच जिंकायची होती. बरोबरीत सुटली. शेवटच्या मिनिटांत मिळालेली पेनल्टी आमच्या पोराने बाहेर मारली.

नुसते हरत होतो तेव्हा लोकांनी सरांना सहन केलं होतं. हातातोंडाशी येऊन गेलं ते मात्र सहन झालं नाही. आठवड्याभरात सभा झाली आणि सरांना काढायचं ठरलं. सिस्टर उभ्या राहिल्या, "चार वर्षं म्हणाले होते, तीनच झालीत," एवढं म्हणाल्या. नेहमीसारखी माणसं चहाला गेली नाहीत. सगळी बसून होती, मत द्यायला. सरांच्या बाजूने सिस्टरांचा आणि माझ्यासारख्या एक-दोघांचा हात होता.

सिस्टर राजीनामा देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी दिला नाही. "राग आला म्हणून वॉर्ड सोडून जायचा असता तर मी पहिल्याच वर्षी घरी बसले असते," म्हणाल्या.

नवा मॅनेजर नानांच्या ओळखीचा, दिनेश खोत. आमचाच जुना खेळाडू, गोड बोलणारा. त्याच पोरांनी, त्याच खेळाने, पुढच्या वर्षी प्रमोशन मिळवलं. चाळीच्या पटांगणात सत्कार झाला, ताशा वाजला, खोतच्या गळ्यात हार पडले. हार अध्यक्षांनीच घालायचे होते, सिस्टरांनी घातले. भाषणात त्यांनी पोरांची नावं एकेक करून घेतली. मग म्हणाल्या, "ह्यांना लॉरेन्स सरांनी शिकवलं, हे मी बोलले नाही तर कोणी बोलणार नाही, म्हणून बोलते." थोड्या टाळ्या झाल्या. खोतचा चेहरा उतरला. खाली उतरल्यावर सिस्टर त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुझं काम कमी नाही रे. चालत्या टीमला हात न लावणं सगळ्यांना जमत नाही."

आणि मग वरच्या डिव्हिजनमध्ये गेल्यावर आम्ही पुन्हा हरायला लागलो. ओळीने. खोतला काढा असं लोक उघड बोलायला लागले. सभा बोलावली. मला वाटलं, सिस्टर आज गप्प बसतील. त्यांना तो हक्क होता. टेबलाखाली चपलांचा आवाज आला तेव्हा खोतनेच मान खाली घातली.

"मला एवढंच सांगायचंय," सिस्टर म्हणाल्या, "त्याला वेळ द्या."

कोणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला तर हा नकोच होता."

"नको होता. अजूनही मला लॉरेन्स सरच बरे वाटतात. पण आता हा आहे. ह्याला काढाल, तिसरा आणाल, मग चौथा. पोरांनी कोणाचं ऐकायचं? दर वर्षी नव्याने सुरुवात करून आपण कुठे पोचणार?"

मग नाना शेट्ये सावकाश उठले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते सिस्टरांच्या बाजूने उठले होते. "सिस्टर म्हणतत तां करूया," एवढंच म्हणाले आणि बसले. खोत राहिला.

त्यानंतर सिस्टरांची तब्येत ढासळत गेली. पायांची सूज उतरेना, दम लागायचा. नीलेश त्यांना बदलापूरला घेऊन जायचं म्हणत होता आणि त्या सीझन संपू दे म्हणत होत्या. पुढे त्या गेल्याच बदलापूरला, आणि तिथेच एक दिवस दुपारी झोपेत गेल्या. मला नंतर फोनवर कळलं. म्हणून मला शेवटच्या आठवतात त्या मैदानावरच्या.

सीझनची शेवटची मॅच होती. नीलेश त्यांना न्यायला आला होता, सामान बांधून खाली टॅक्सी उभी करून. पण सिस्टर घरी नव्हत्या, म्हणून तो मैदानावर आला. इतक्या वर्षांनी. गोलच्या मागे खुर्चीत सिस्टरांना झोप लागली होती. छत्री लॉरेन्स सरांनी धरली होती. सर आता कुठल्याशा शाळेच्या पोरांना शिकवतात, पण अधूनमधून मॅच बघायला यायचे आणि सिस्टरांजवळ उभे राहायचे.

नीलेश खुर्चीजवळ येऊन थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी थोडा मागे होतो. मॅच चालू होती. आमच्या मधल्या डिफेंडरने अंगावर आलेला माणूस शांतपणे चुकवला आणि बॉल लांब न मारता बाजूला दिला.

नीलेश बराच वेळ त्या पोराकडे बघत होता. मग समोर बघतच त्याने विचारलं, "हा कधी आला?"

"तुझ्या जागेवर घेतला तोच," सर म्हणाले.

नीलेशने मान हलवली. "चांगला आहे."

"हां," सर म्हणाले. "ओरडत नाही मात्र. तू ओरडायचास ते चांगलं होतं."

त्या दोघांचं बोलणं एवढंच झालं. ऊन सरकलं तशी सरांनी छत्री तिरकी केली, आणि दुसऱ्या बाजूने ऊन येतंय हे बघून नीलेश खुर्चीच्या त्या अंगाला येऊन उभा राहिला. काही वेळाने सिस्टर जाग्या झाल्या. आधी नीलेशला बघितलं, मग सरांना, मग मैदानाकडे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई," नीलेश म्हणाला. "शून्य-शून्य. झोप तू, अजून थोडी बाकी आहे."